काना की मात्रा

(धुलाई कारखान्याच्या वरच्या मजल्यावरचं ऑफिस. सकाळचे सव्वादहा. खाली इस्त्रीचा मोठा रोलर चालू असल्याची घरघर.)

मॅनेजर : ...सात अर्थ. मी मोजलेत. एका क्रियापदाला सात अर्थ, आणि तुम्ही एकच धरून बसलाय.

दुभाषी : सातच? तुमच्या शब्दकोशानं आमचं घड्या घालायचं टेबल पाहिलेलं नाही, साहेब. आमच्याकडे बारा होते.

मॅनेजर : मग तर प्रश्नच मिटला. बारातला एक सोयीचा घ्यायचा.

दुभाषी : कुणाच्या सोयीचा?

मॅनेजर : सगळ्यांच्या. तुमच्या भावाच्यासुद्धा. बसा आधी. दुभाषी म्हणून वर आणलं, खुर्ची दिली, ती बसायलाच दिलीय.

दुभाषी : अकरा वर्षं उभी राहून चादरींच्या घड्या घातल्यात. उभं राहिलं की मला नीट सुचतं.

मॅनेजर : मग उभ्या राहा. अकरा वाजता कामगार खात्याच्या चौकशीच्या बाई येतील. त्यांच्या हातात तीन कागद द्यायचेत. रोलरमध्ये हात गेलेल्या त्या वेणीवालीनं हॉस्पिटलात तिच्या भाषेत लिहिलेला जबाब, त्याची आपण टाइप केलेली प्रत, आणि तुमचं मराठी भाषांतर. दोन तयार आहेत. तिसऱ्यावर तुमची सही नाही. एका शब्दापायी अख्खा कारखाना खोळंबलाय.

दुभाषी : कारखाना कुठे खोळंबलाय? खाली रोलर चालूच आहे. तिची बोटं त्यात गेली त्याच दुपारी पुन्हा चालू झाला होता.

मॅनेजर : विषय सोडू नका.

दुभाषी : नाही सोडत. तो शब्द म्हणून दाखवा बरं एकदा.

मॅनेजर : मला कुठे जमतंय ते. दे... देजामे.

दुभाषी : देखामे. तो ख आपल्या खुर्चीतला नाही. घशात माशाचा काटा अडकला की येतो तसा. मूळ क्रियापद देखार.

मॅनेजर : देखार. हे बघा, मी रविवारी मुद्दाम शब्दकोश विकत आणून वाचलाय. सोडणे हा पहिला अर्थ आहे, मान्य. पण खाली येतो, करू देणे, परवानगी देणे. देखामे म्हणजे, मला करू दे. छापलंय हे. मी माझ्या मनचं सांगत नाही.

दुभाषी : छापलंय ते खरंच आहे.

मॅनेजर : मग? वाक्य बघा कसं सरळ बसतं. 'चादर रोलरमध्ये अडकली. मी म्हणाले, मला करू दे. मग हात आत गेला.' शेजारची बाई मशीन बंद करायला निघाली होती, ही म्हणाली, थांब, मी काढते. आपल्या मर्जीनं हात घातला. कुणाचाच दोष नाही.

दुभाषी : कुणाचाच नाही म्हणजे तिचा. सरळ बोला ना. दोष तिचा ठरला की तिचं काम गेलं, कारखान्याकडून चाललेला इलाज थांबला. दोन बोटं गेलीत तिची, साहेब. तिसरं वाकत नाही. त्या हातानं तिला आता स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही.

मॅनेजर : मला वाईट वाटत नाही असं समजू नका.

दुभाषी : वाटत असेल. ती शेजारची बाई कुठाय, जी मशीन बंद करायला निघाली होती?

मॅनेजर : ती नोकरी सोडून गेली.

दुभाषी : दुसऱ्याच दिवशी. पत्ता न ठेवता. बघा, सोडून गेली, न ठेवता. तुमचं हे एक वाक्य त्या भाषेत सांगायचं म्हटलं तर दोन्ही ठिकाणी देखारच लागेल मला.

मॅनेजर : विनोद पुरे. आता दुसरा अर्थ घेतला तर काय होतं ते ऐका. 'मी म्हणाले, मला सोड.' सोड म्हणजे कुणीतरी धरलं होतं. कुणी? त्या वेळी रोलरजवळ कोण उभं होतं? मुकादम. तुमचा सख्खा भाऊ. नवऱ्यानं टाकल्यावर तुम्हाला हाताला धरून इथे कामाला लावणारा भाऊ. त्याला मला घरी पाठवावं लागेल. त्याच्या दोन्ही पोरी शाळेत आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी हे सगळं तुमच्यावर सोडतो.

दुभाषी : माझ्यावर सोडता. हा तेरावा.

मॅनेजर : तेरावा काय?

दुभाषी : अर्थ. शिकताय तुम्ही हळूहळू.

मॅनेजर : बाई, मी शांतपणे बोलतोय.

दुभाषी : मीही. तुम्ही कोश एका रविवारात वाचलात. मी कसा वाचला ते ऐका, अकराला अजून वेळ आहे. मी टेबलावर आले तेव्हा आम्ही सहा जणी होतो, पाच त्या भाषेच्या आणि एक मी मुकी. एखादी बाई जड ट्रॉली ओढायला लागली आणि मी मदतीला धावले की ती म्हणायची, देखा, देखा. मला वाटायचं ही हिंदीत बोलतेय. मी मागे वळून बघायचे. काय दिसलं हिला? काहीच नाही. पंधरा दिवस मी मान मोडेस्तोवर मागे बघितलं आणि सगळ्याजणी हसून हसून चादरीत तोंड खुपसायच्या. मग कळलं, देखा म्हणजे राहू दे. मी ओढते, तू राहू दे. देखामे लास तिखेरास म्हणजे कात्री दे जरा, परत देते. रडणाऱ्या बाईला देखा म्हटलं की पुरे आता, थांबव. पोराला शाळेत देखार करायचं असतं, म्हणजे सोडून यायचं. कुणाची आई मेली, गळ्यातलं मागे ठेवून गेली, तर तेही देखार. सगळं मी देवनागरीत एका वहीत लिहिलं. त्यांची अक्षरं तेव्हा येत नव्हती मला.

मॅनेजर : कौतुक आहे. म्हणूनच तुम्हाला वर आणलं.

दुभाषी : अजून संपलं नाही. मे देखो. तो मला सोडून गेला. त्या टेबलावर सहातल्या चौघींचं हे वाक्य होतं, आणि मी पाचवी. वेणीवालीनं मला विचारलं होतं, तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, टाकलेली. तिनं तो शब्द चारदा माझ्याकडून म्हणवून घेतला. मग म्हणाली, तुमची भाषा फार उघडं बोलते, आमच्या देखारमध्ये निदान कळत नाही कोण कुणापासून सुटलं. तर ज्या बाईबरोबर बसून मी हा शब्द उभा-आडवा शिकले, तिच्याच तोंडातला शब्द मी फिरवायचा? कोशात सगळे अर्थ असतात, साहेब. बोलणाऱ्याच्या तोंडात एका वेळी एकच असतो.

मॅनेजर : आणि तो कुठला हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तिथे होतात?

दुभाषी : नव्हते. पण मूळ कागद दाखवा. टाइप केलेला नको. तिच्या हातचा.

मॅनेजर : त्याची गरज नाही. प्रत तंतोतंत आहे.

दुभाषी : मग दाखवायला काय हरकत?

मॅनेजर : ...हा घ्या. उजव्या हाताला बँडेज होतं, डाव्या हातानं लिहिलंय. कोंबडीचे पाय आहेत. आमच्या क्लार्कनं डोळे फोडून लावलंय ते.

दुभाषी : ले दिखे, म्हणजे मी म्हणाले, दोन टिंबं, आणि मग... साहेब, हा आ नाही. हा ए आहे.

मॅनेजर : काय फरक पडतो?

दुभाषी : हे देखामे नाही. देखेमे आहे. तुमच्या क्लार्कनं ध चा मा केलाय.

मॅनेजर : एका अक्षराचा एवढा बाऊ?

दुभाषी : आपल्यात लिहिलं तर काना की मात्रा, एवढाच फरक. माझ्या वहीत दोन्ही शेजारीशेजारी आहेत. देखामे म्हणजे सोड, दे. अरेतुरे. मैत्रिणीला, पोराला, कुत्र्याला. देखेमे म्हणजे सोडा, द्या. अहोजाहो. बारा वर्षं ती बाई या टेबलावर आहे. शेजारणीला तिनं कधी अहोजाहो केलं नाही. खालच्या सगळ्या मजल्यावर ती एकाच माणसाला अहो म्हणते.

मॅनेजर : कुणाला?

दुभाषी : तुम्हाला माहितीय.

मॅनेजर : मला काही माहीत नाही. वर 'म्हणाले' एवढंच आहे. कुणाला म्हणाले ते लिहिलेलंच नाही.

दुभाषी : ले दिखे. त्याला म्हणाले की तिला म्हणाले, त्या भाषेत एकच. त्याचाच तर तुम्ही फायदा घेताय.

मॅनेजर : मी कसलाही फायदा घेत नाहीये. तो आ आहे. वाकडा आलाय, पोट फुटलंय त्याचं. दुखऱ्या माणसाच्या डाव्या हाताचा आ. आणि एवढी खात्री आहे तर तिलाच का नाही विचारलंत? खाली बाकावर येऊन बसलीय ती.

दुभाषी : विचारलं. हॉस्पिटलात गेले होते तेव्हाच. म्हटलं, कुणाला म्हणालीस? तिनं चादर हातावर ओढून घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, देखा.

मॅनेजर : म्हणजे?

दुभाषी : राहू दे. माझा भाऊ आहे म्हणून. माझ्यासाठी तिनं त्याचं नाव कागदावर घातलं नाही. तिनं जे सोडलं, त्यात तुम्ही क्लार्ककडून तुमचं भरून घेतलंत.

मॅनेजर : बघा, तीच म्हणतेय राहू दे. तुम्ही कशाला खाजवून खरूज काढताय? तुमचं काम काय आहे? एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत. खाली लोक तुम्हाला पोपट म्हणतात ना? मग पोपटाचं काम करा.

दुभाषी : पोपट जे ऐकतो तेच बोलतो, साहेब. तुम्हाला पोपट नकोय. तुम्हाला नंदीबैल हवाय.

मॅनेजर : तोंड सांभाळा. तुमच्याकडे एक कागद नाही. दहावीलाही बसला नाहीत तुम्ही. ही खुर्ची मी दिलीय, उद्या शिकलेला दुभाषी आणून बसवीन.

दुभाषी : जरूर आणा. शिकलेला असेल तर त्यालाही मात्रा दिसेल.

मॅनेजर : ठीक आहे. तुमच्या भावालाच बोलावतो. त्याच्या तोंडावर सांगा, तुला घरी पाठवतेय म्हणून. बघू किती धाडस आहे. ...हॅलो, मुकादमला वर पाठवा. हो, लगेच.

दुभाषी : बरं केलंत. मीही त्याची वाट बघत होते.

मॅनेजर : ये मुकादम. दार लाव. तुझी बहीण सही करत नाही.

मुकादम : का गं पोपटे? काय झालं? साहेब म्हणाले दोन मिनिटांचं काम आहे. सही कर आणि मोकळी हो. खाली दोन ट्रॉल्या तुंबल्यात.

दुभाषी : करते दादा. एकच सांग. त्या दिवशी तू रोलरपाशी होतास?

मुकादम : होतो की. सांगितलंय मी तसं. मी बाजूला उभा होतो.

दुभाषी : ती काय म्हणाली?

मुकादम : मला त्यांची भाषा येते का? चल, थांब, उचल, एवढं येतं. तूच शिकवलंयस.

दुभाषी : अर्थ नको सांगू. नुसता आवाज सांग. कानावर काय पडलं, तसंच्या तसं.

मॅनेजर : याची काही गरज नाही.

दुभाषी : एक शब्द आहे, साहेब. भाऊ माझा, एक शब्द त्याला म्हणू द्या. देखार. परवानगी देणे. तुमच्याच कोशातलं.

मुकादम : काय चाललंय हे? म्हणतो की. विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही ते. तीन आठवडे झाले, जेवताना ऐकू येतं. देखेमे. देखेमे, देखेमे. तीनदा की चारदा म्हणाली.

मॅनेजर : मुकादम, नीट आठव. देखामे म्हणाली ना? देखामे?

मुकादम : नाही साहेब. आ नव्हता त्यात. देखेमे. असं लांबवून. का? चुकलं का माझं काही?

दुभाषी : नाही दादा. आज खरा पोपट तू झालास.

मॅनेजर : घाईत ऐकलेलं असतं. मशीनचा आवाज असतो.

मुकादम : आवाज असतो, पण ती माझ्या कानापाशी होती साहेब. मी आपलं समजलो, हिंदीत देखो म्हणतेय. बघा म्हणतेय. आपल्या पोपटीला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, घरी येऊन सांगायची ना ही, आम्ही किती हसायचो. म्हणून मी बघत होतो.

दुभाषी : काय बघत होतास?

मुकादम : रोलर. ती बघा बघा म्हणतेय, तर मी वाकून रोलरकडे बघत होतो. चादर कुठे अडकलीय ते. तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर...

दुभाषी : आणि तुझा हात कुठे होता?

मॅनेजर : मुकादम, एक शब्द बोलू नकोस.

दुभाषी : दादा. हात कुठे होता?

मुकादम : तिच्या कोपरावर.

दुभाषी : डाव्या?

मुकादम : डाव्या. उजव्यानं ती चादरीचं टोक ओढत होती. मीच म्हटलं होतं ओढ. टोक बोटांना गुंडाळलं. तिला मागे यायचं होतं आणि मी धरलेलं. मी ढकललं नाही गं. आईशप्पथ नाही ढकललं. नुसतं धरलं होतं. पण हे कसं कळलं तुला?

दुभाषी : तू आत्ता सांगितलंस. देखेमे म्हणजे बघा नव्हे, दादा. मला सोडा.

मुकादम : ...सोडा?

दुभाषी : अहो, सोडा मला. आदरानं म्हणत होती तुला. बोटं आत चालली होती तरी अहोजाहो सोडलं नाही बाईनं.

मॅनेजर : हे बघा. जे झालं ते झालं. आत्ता जे बोलणं झालं ते या खोलीतच राहील.

दुभाषी : मागे ठेवून जाणे. तोही देखारच. पण मी काही मागे ठेवून जाणार नाही.

मॅनेजर : बाई, चौकशीच्या बाईंना ती भाषा येत नाही. तुम्ही जे म्हणाल तेच तिनं म्हटलं असं होणार आहे. जबाबदारी तुमची आहे. मुकादम गेला तर तुमच्या शब्दानं गेला. हे आयुष्यभर लक्षात राहील तुमच्या.

दुभाषी : राहू दे. रोलरवरच्या भिंतीवरचा फलक लक्षात राहिलाय ना, तसं हेही राहील.

मॅनेजर : कसला फलक?

दुभाषी : 'मॅनेजरच्या परवानगीशिवाय रोलर थांबवू नये.' मराठीत तुमचं, खाली त्यांच्या भाषेत माझं. तुम्ही म्हणालात कर, मी केलं. एकही चूक नव्हती त्यात. सुबक अक्षरात रंगवून घेतलंत. लाल बटण वीतभर अंतरावर आणि त्याच्यावर माझं शुद्ध भाषांतर. तेव्हा मी पोपटाचं काम केलं, साहेब. दोन बोटं गेली त्यात. पुन्हा नाही करणार.

मॅनेजर : रोलर एकदा थांबला की तापायला अर्धा तास लागतो. आत असलेलं कापड जळतं. हॉस्पिटलच्या चादरी वेळेवर गेल्या नाहीत तर लोक कशावर झोपतील? कारखाना चालवायचा म्हणजे...

दुभाषी : वेणीवाली त्याच हॉस्पिटलात झोपली होती. आपल्याच चादरीवर. बघितलं मी, कोपऱ्यात आपला शिक्का होता.

मॅनेजर : फोन वाजतोय. ...हो? इतक्या लवकर आल्या? पाच मिनिटांत येतो, चहा द्या त्यांना. ...ऐका दोघं. मी खाली जाऊन बाईंना घेऊन येतो. मी वर येईन तेव्हा त्या कागदावर 'मला करू दे' असं लिहिलेलं असेल आणि खाली सही असेल. नसेल, तर तुम्ही दोघं बहीण-भाऊ उद्यापासून येऊ नका. मुकादम, समजाव तिला. तुझं घर आहे, तू बघ.

मुकादम : हो साहेब.

दुभाषी : हो साहेब. किती चटकन निघतं तुझ्या तोंडातून.

मुकादम : गेला तो. हळू बोल, जिन्यात असेल अजून.

दुभाषी : मी हळू बोलायला वर आलेच नाही.

मुकादम : ऐक ना पोपटे. मी मुद्दाम केलं का? तू ओळखतेस मला. मागच्या महिन्यात रोलर एकदा थांबवला होता मी, अशीच चादर अडकली म्हणून. या माणसानं अख्ख्या मजल्यासमोर माझी हजेरी घेतली. पंचावन्न वर्षांचा बाप्या मी, शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा. म्हणून तिची बोटं गेली त्या दिवशी मी आधी वर फोन लावला होता. विचारायला, थांबवू का म्हणून.

दुभाषी : मग?

मुकादम : वाजून वाजून बंद झाला. साहेब जागेवर नव्हते. मग मी म्हटलं, ओढून काढू.

दुभाषी : हे आत्ता त्याच्यासमोर का नाही बोललास? तीन आठवडे का नाही बोललास?

मुकादम : तुला काय जातंय बोलायला. तू एकटी आहेस. माझ्या मागे चार तोंडं आहेत.

दुभाषी : एकटी आहे. खरंय. तू आणलंस मला इथे, तेव्हा मी दारात बसून होते, ट्रंक घेऊन. वहिनी म्हणाली होती चार दिवस राहू दे, तू म्हणालास चार दिवस कशाला, कामाला लावतो. ते मी विसरले नाही. त्या ट्रंकेची शपथ घालून तू काहीही माग, देईन. हे सोडून.

मुकादम : मग सोड ना. एवढं एक सोड. दोन अर्थ आहेत म्हणतेस, तर त्यातला एक लिही. खोटं कुठे आहे त्यात?

दुभाषी : मात्रेचा काना केला की खोटं होतं.

मुकादम : काना, मात्रा. माझी नोकरी मात्रेवर चालली का आता?

दुभाषी : तिची कान्यावर चाललीय, दादा. तू नुसता धरून उभा होतास. पण तुला धरून कोण उभं होतं? तुझ्या कोपरावर कुणाचा हात होता? मी फक्त तिचा शब्द लिहिणार. त्यापुढे 'मी फोन लावला होता, फोन कुणी उचलला नाही, भिंतीवर फलक होता' हे तू तुझ्या तोंडानं सांग. मराठीत सांग. त्याला दुभाषी लागत नाही.

मुकादम : सांगितलं तरी मला काढतील.

दुभाषी : काढतील कदाचित. नाही सांगितलंस तरी काढतील, या वर्षी नाही तर पुढच्या. फरक एवढाच की तेव्हा तू जेवायला बसशील आणि देखेमे ऐकू येईल, आणि आता तुला अर्थ माहीत आहे.

मुकादम : का सांगितलास गं अर्थ.

दुभाषी : तेच माझं काम आहे.

मुकादम : ती खाली बाकावर बसलीय. मी मघाशी समोरून आलो. म्हणाली काहीतरी.

दुभाषी : काय?

मुकादम : मला वाटलं, नमस्कार करतेय. मी मान हलवली आणि पुढे आलो.

दुभाषी : नमस्कारच केला असेल. तिची रीत आहे. दे तो कागद इकडे. पावलं वाजतायत जिन्यात.

मुकादम : थांब जरा. एक मिनिट थांब. विचार कर.

दुभाषी : तीन आठवडे केला.

मुकादम : थांब म्हटलं ना.

दुभाषी : दादा, माझं कोपर.

मुकादम : काय?

दुभाषी : कोपर धरलंयस माझं. देखामे.

मुकादम : हे... हे कोणतं? कान्याचं की मात्रेचं?

दुभाषी : कान्याचं. भाऊ आहेस तू माझा.

मुकादम : म्हणजे काय गं ते? सोड, की करू दे?

दुभाषी : आधी सोड. मग करू दे.